पाण्याची रुंदी आणि गावाचं अंतर

नकाशावर भाऊच्या धक्क्यावरून बोट पूर्वेकडे सरकवलं की दहाएक किलोमीटरवर मोरा लागतं, म्हणजे उरणचं बंदर. वाशी तिथून कितीतरी उत्तरेला. तरी मुंबईकराला वाशी जवळची वाटते आणि उरण लांबचं. कारण खाडीच्या आकारात आहे. ठाण्याची खाडी उत्तरेकडे निमुळती होत जाते, दक्षिणेकडे फाकत समुद्राला मिळते. पूल बांधणारा साहजिकच कमी पाण्याची जागा धरतो. 1973 चा मानखुर्द-वाशी पूल त्या निमुळत्या अंगाला झाला, 1992 मध्ये लोकलही तिथूनच वाशीला गेली. कचेऱ्या मात्र दक्षिणेला, फोर्टात. त्यामुळे फोर्टाच्या जवळजवळ समोर राहणारा उरणकर रस्त्याने निघाला की आधी वाशीपर्यंत वर चढायचा, खाडी ओलांडायचा आणि पुन्हा तेवढंच खाली यायचा.

जमिनीवरच्या उपनगराचा एक रस्ता तुंबला तर दुसरा असतो. पाण्यापलीकडच्या गावाचं सगळं अंतर उताराच्या जागेत साठलेलं असतं. तिथे अडलं की अडलंच.

मोरा लाँच सरळ जाते खरी, पण बंदरात गाळ साचतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या काही तास थांबतात. कामावर जाणाऱ्याला घड्याळाबरोबर तिथीही बघावी लागते. (लोकल चार मिनिटं उशिरा आली म्हणून चिडणाऱ्यांनी हे जरूर अनुभवावं.)

रुंद पाण्यावर पूल टाकायची कल्पना साठच्या दशकापासूनची. अटल सेतू खुला झाला जानेवारी 2024 मध्ये. शिवडी ते न्हावाशेवा 21.8 किलोमीटर, त्यातले सुमारे साडेसोळा समुद्रावर. अंतर मिटलं, पण मोटारवाल्याचं. सुरुवातीलाच एका बाजूचा टोल 250 रुपये, आणि दुचाकी, रिक्षा यांना मनाई. ज्याच्या दारात फक्त मोटारसायकल आहे, त्याच्यासाठी हा पूल लांबून बघण्याचाच. पुलाबरोबर त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. पण पुलावर रूळ नाहीत. म्हणून मुंबईला जाणारी लोकलची वाट नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलून अजूनही वाशीच्या जुन्या अरुंद पाण्यावरूनच जाते. एकाच गावातून मुंबई मोटारीला एक, लाँचला दुसरी आणि लोकलला तिसरी. माझ्या मते यातली लोकलची मुंबईच बहुतेकांची.

उरणच्या दक्षिण टोकाला करंजा, समोर धरमतर खाडीपलीकडे रेवस. लाँचने हाकेच्या अंतरावर, रस्त्याने पेणचा वळसा. तिथेही पूल होऊ घातला आहे. तो झाला की अलिबागची गाडी उरणवरून शिवडीला उतरेल आणि आजवर रस्त्याचं शेवटचं असलेलं उरण वाटेवरचं गाव होईल. मोरा लाँचची गर्दी तेव्हा घटेल की नाही, हे सेतूवरून किती एसटी धावतात यावर ठरेल.