बिघडवण्याचा हक्क

दिवाळीच्या आधी आठवडाभर पुण्या-ठाण्यात आणि कोल्हापुरात रस्त्याच्या कडेला तयार किल्ले विकायला मांडलेले दिसतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, करड्या-हिरव्या रंगात रंगवलेले. बुरुज, महादरवाजा, पायऱ्या, सगळं साच्यातून निघालेलं. घरी न्यायचा, बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवायचा, माथ्यावर महाराजांची मूर्ती आणि उतारावर मावळे मांडायचे, की झाला किल्ला. मुलाचा वेळ वाचतो, आईवडिलांची फरशी वाचते. यावर दरवर्षी हळहळही व्यक्त होते आणि ती बहुधा एकाच वळणाची असते: आमच्या वेळची मुलं कशी मातीत हात घालायची आणि आताच्यांना मोबाइलमधून डोकं वर काढायला फुरसत नाही. हा सूर मला पटत नाही. तयार किल्ला काही मुलांनी शोधून काढलेला नाही. तो मोठ्यांनी बनवला, मोठ्यांनी विकला आणि मोठ्यांनीच विकत आणला. मुलांच्या आळसाबद्दल बोलण्याआधी मोठ्यांनी घेतलेला हा निर्णय काय आहे, ते नीट पाहायला हवं.

मातीचा किल्ला करताना काय काय लागतं ते आठवून पाहावं. आधी दगड आणि विटांचे तुकडे गोळा करून डोंगराचा ढिगारा रचायचा. त्यावर चिखलात भिजवलेलं पोतं अंथरायचं, मग मातीचा लेप. चिखलात पाणी जास्त झालं तर बुरुज रात्रीतून बसतो, कमी झालं तर दुसऱ्या दिवशी उन्हात भेगा पडतात. गुहेवरचं छत मातीचं केलं तर कोसळतं, म्हणून आत कौलाचा तुकडा किंवा पुठ्ठा घालावा लागतो. तळ्यातलं पाणी जिरतं, म्हणून खाली प्लास्टिक. उतारावर हिरवळ हवी तर अळीव किंवा मोहरी पेरायची, आणि ती उगवून यायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे काम वसुबारसेच्या बरंच आधी सुरू व्हायला हवं. यातलं एकही ज्ञान मोठं नाही. पण प्रत्येक ज्ञान काहीतरी बिघडल्यावर मिळालेलं आहे. माती, पाणी, बी यांचं स्वतःचं एक म्हणणं असतं आणि ते आपल्या मर्जीप्रमाणे वाकत नाही, ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही. बुरुज बसल्यावर कळते. शिवाय माती कुणी आणायची, दगड कुणी उचलायचे आणि मावळे मांडण्याचा मान कुणाला, यावरून भांडणं होतात ती वेगळीच. ती सोडवायला कुणी मोठं माणूस आलं नाही तर ती मुलांनाच सोडवावी लागतात.

किल्ल्याचं उदाहरण वर्षातून एकदाचं आहे, पण जुन्या खेळांची रीत पाहिली तर तीच गोष्ट दिसते. भोवरा कातारी कातून देई, पण त्याची आर ठोकून घेणं, ती मधोमध बसली आहे की नाही हे फिरवून पाहणं, जाळी गुंडाळायला शिकणं, हे सगळं भोवरा हातात आल्यानंतरचं काम. विटीदांडूत विटीची दोन्ही टोकं तासायची, ती नीट तासली नाहीत तर विटी उडतच नाही. लगोरीच्या ठिकऱ्या शोधायला लागत. पतंगाला मंगळसूत्र बांधणं तर एक लहानशी यंत्रविद्याच. खेळाचं साहित्य बनवणं हा खेळाचाच अर्धा भाग होता, आणि नियम बनवणं हा उरलेल्यातला बराचसा. राज्य कुणी घ्यायचं, अंगणातला आड आला तर काय करायचं, रडीचा डाव कशाला म्हणायचं, हे गल्लीगल्लीत वेगळं ठरे. त्यातला मला सगळ्यात अभ्यासण्याजोगा वाटतो तो लिंबूटिंबूचा नियम. खेळात घ्यायला फार लहान, पण घरी धाडलं तर रडेल, अशा पोराला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, मात्र तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही आणि त्याच्यावर राज्यही द्यायचं नाही. दुबळ्याला सामावून घेताना खेळही मोडू द्यायचा नाही, हा पेच मोठ्यांच्या संस्थांना अजून नीट सुटलेला नाही. मुलांनी तो कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय सोडवला होता.

हात आणि बुद्धी यांची सांगड ही केवळ भावनेची बाब नाही. 1937 साली मॉन्ट्रियलचे मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी एका सहकाऱ्याबरोबर, शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सूक्ष्म विद्युतस्पर्श करून, शरीराच्या कोणत्या भागाला मेंदूच्या पृष्ठभागावर किती जागा मिळाली आहे याची नोंद प्रसिद्ध केली. संपूर्ण धडापेक्षा हाताच्या पंज्याला आणि बोटांना कितीतरी जास्त जागा निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा, पुढे नई तालीम म्हणून ओळखला गेलेला विचार तिथे मांडला गेला; झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. अलीकडचं उदाहरण हवं तर अरविंद गुप्ता यांचं घ्यावं. आयआयटीतून शिकलेल्या या माणसाने आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायला शिकवलं. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते अनेक वर्षं हेच काम करत होते. चार काड्यांचा चौकोन दाबला की लवतो, तीन काड्यांचा त्रिकोण लवत नाही. पूल, छपरं आणि विजेचे मनोरे यांच्यात त्रिकोण का असतात, हे बोटांना पाच पैशांत कळतं.

आता या सगळ्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप घेतो, कारण तो टाळून जुन्या बालपणाचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. तो असा की, हे हाताचं कौशल्य आपल्या समाजात कधीच मोकळं नव्हतं. सुताराच्या मुलाला रंधा आणि कुंभाराच्या मुलीला माती खेळ म्हणून मिळाली नाही, ती जन्माने मिळाली, आणि तिच्याबरोबर एक पायरीही. ज्या घरांत पुस्तकं होती तिथे मुलाने हत्यार उचलणं कमीपणाचं मानलं जाई. मुलींच्या वाट्याला भातुकली आली ती पुढच्या चुलीची तालीम म्हणून, आणि बऱ्याच जणींच्या कडेवर खेळाच्या वेळीही धाकटं भावंड असे. गल्लीतल्या लिंबूटिंबूला सामावून घेणाऱ्या त्याच खेळात गावकुसाबाहेरच्या मुलाला जागा नव्हती. तेव्हा ‘पूर्वी सगळी मुलं हाताने काम करायची’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. काहींना ते करावंच लागे आणि काहींना ते करू दिलं जात नसे. मद्रास राज्यात 1953 साली राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली, की मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा. हे जातीचंच शिक्षण आहे असं म्हणत पेरियार आणि इतरांनी तिच्याविरुद्ध रान उठवलं. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि योजनाही गेली. ती गेली हे योग्यच झालं. हाताने शिकण्याच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग लक्षात ठेवायला हवा.

पण आक्षेप मान्य केल्यावर काय उरतं तेही पाहायला हवं. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचं ज्ञान असावं अशी मागणी होती, आणि त्याच निवेदनात शूद्रातिशूद्रांना शिक्षणापासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेवर प्रहारही होता. म्हणजे जातीने लादलेलं काम नाकारणं आणि कामातलं ज्ञान मागणं या दोन गोष्टी एकाच माणसाने, एकाच कागदावर केल्या. दोष हाताच्या कामात नव्हता; निवड नसण्यात होता. आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत शाळा पसरल्या, धंदे बदलले, जन्म आणि हत्यार यांची गाठ पुष्कळ ढिली झाली. ब्राह्मणाच्या मुलीने करवत चालवावी आणि लोहाराच्या मुलाने चालवायची नसेल तर नाही चालवावी, हे पहिल्यांदाच शक्य झालं होतं. नेमक्या त्याच काळात आपण हत्यारं, माती आणि मोडतोड सगळ्याच मुलांच्या हातून काढून घेतली. कौशल्य जातीतून सुटलं ते सर्वांचं होण्याऐवजी कुणाचंच राहिलं नाही. नई तालीम तर शाळांमधून फार पूर्वीच उतरणीला लागली होती. ज्यांना परवडत होतं त्या पालकांना आपलं मूल टकळीवर सूत काढताना पाहायचं नव्हतं, आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांना आपलं मूल त्यातून बाहेर पडायला हवं होतं. दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीच्या बाजूचा आहे: आजची मुलंही बनवतात, फक्त पडद्यावर. माइनक्राफ्टसारख्या खेळात ठोकळे रचून राजवाडे उभारणारी मुलं आहेत, चित्रफितींचं संकलन करणारी आहेत, प्रोग्राम लिहिणारी आहेत. हे खरं आहे, आणि त्याला खेळ किंवा कौशल्य न म्हणणं हा नुसता हेकेखोरपणा होईल. जे मूल पडद्यावर काही रचतं, ते बोटाने नुसतं पुढे-पुढे सरकवत बसणाऱ्यापेक्षा मातीत खेळणाऱ्याच्या जास्त जवळ आहे. फरक उरतो तो एवढाच की पडद्यावर चूक एका कळीने मागे घेता येते आणि तिथली वीट ओली होत नाही. मातीच्या बाबतीत चूक मागे घेता येत नाही, तिच्याबरोबर राहून दुसरा उपाय शोधावा लागतो. मला दोन्ही हवं आहे. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा: रस्त्यावर गाड्या आहेत, मैदानांवर पार्किंग आहे, मूल डोळ्यांआड सोडायची भीती वाटते. यात पालकांना दोष देणं सोपं आणि चुकीचं आहे. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये शाळेला मैदान असावं असं लिहून ठेवलं. त्या मैदानाबाहेरची गल्ली कुणाची, हे कुणी लिहिलेलं नाही.

पण मैदान नसलं तरी घरात कात्री, सुई, स्क्रू ड्रायव्हर आणि बिघडलेला पंखा असतोच, आणि तिथेही मुलांना मज्जाव आहे. याचं कारण जागा नाही. मोठ्यांना वाईट बनलेली वस्तू सहन होत नाही, हे त्याचं कारण. शाळेत कार्यानुभव नावाचा विषय आला. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 दरम्यान त्याचा आग्रह धरला तो शिक्षण आणि उत्पादक काम यांना जोडण्यासाठी. तो कुठे पोहोचला हे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात कळतं. ज्वालामुखीची प्रतिकृती, पर्जन्यजलसंधारणाचं मॉडेल, कागदी फुलांचं तोरण, सगळं तयार मिळतं, आणि जे मिळत नाही ते आई रात्री बसून करते. सुबक वस्तूला गुण मिळतात, वाकड्या वस्तूला मिळत नाहीत. मग मुलाचं वाकडं काम आणण्यात कोण शहाणपणा पाहील? तयार किल्ल्याचा उगमही इथेच आहे. आपल्याला मुलाचा किल्ला नको असतो, आपल्याला किल्ल्यासारखा किल्ला हवा असतो. आणि जे मूल कधीच काही बिघडवत नाही, त्याला दुसऱ्याचं चांगलं काम ओळखायची मोजपट्टीच मिळत नाही. दार नीट का बसत नाही हे ज्याने एकदाही दोन फळ्या जोडून पाहिलेलं नाही, त्याला सुताराची मजुरी कायम जास्तच वाटते. हातकाम केल्याने श्रमाचा आदर आपोआप येतो असं मी म्हणत नाही. तसं असतं तर शतकानुशतकं हातांवर जगणाऱ्या आपल्या समाजात तो ओसंडून वाहिला असता. लादलेल्या कामाने आदर येत नाही आणि न केलेल्या कामानेही येत नाही. आपणहून हाती घेतलेल्या, फसलेल्या आणि पुन्हा केलेल्या कामातून तो येण्याची शक्यता असते, एवढंच.

याचे नमुने महाराष्ट्रात आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि पशुपालन, स्वयंपाक आणि आरोग्य हे सगळं शिकतात, आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता शिकतात. हाच अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या काही माध्यमिक शाळांत गेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकावं अशी कल्पना आहे. दहा दिवस थोडेच, पण थोडे म्हणून ते टाकून देऊ नयेत. चाक वर्गासमोर आणून रांगेने एकेकाने मातीला बोट लावायचं आणि फोटो काढायचा, असं त्याचं होऊ शकतं. आणि एका मुलाचं मडकं सात वेळा कोसळू देण्याइतका वेळही त्यात काढता येऊ शकतो. ते शाळेच्या वेळापत्रकावर आणि मुख्याध्यापकांच्या सोशिकपणावर अवलंबून आहे. त्या कुंभाराला मात्र आपला दिवस बुडवून यावं लागेल. त्याला शिक्षकाच्या दिवसाच्या पगाराइतके पैसे द्यायचे की शाल-नारळावर बोळवण करायची, हे शाळेने आधी ठरवावं. आणि त्याची मुलगी त्याच वर्गात असेल तर बापाचं काम म्हणून तिला चाकाकडे ढकलू नये. त्या दिवशी तिला सुताराच्या गटात जायचं असेल तर जाऊ द्यावं.