उशिरां फुलणारी शेवंती

अंगणाच्या कडेच्या वाफ्यांत तेरडा, झेंडू व शेवंती हीं शेजारीं शेजारीं लावलीं, तर श्रावणांत जो तो शेवंतीकडे बोट दाखवून विचारतो, "हिला फुलें कां नाहींत?" तेरडा तोंवर बहरलेला असतो, झेंडूही फुलूं लागतो, हिच्यापाशीं मात्र पाल्यावांचून कांहीं नसतें. अशा वेळीं तिला आळशी म्हणावें काय? आणि झाडाविषयीं असा निवाडा करणें अन्यायाचें असेल, तर मागें पडलेल्या मुलाविषयीं तो करणें न्यायाचें कसें होईल? वाचकहो, प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

शेवंतीच्या बहुतेक जाती रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांबली म्हणजेच शेंड्यांत कळी धरते. दिवसरात्रीच्या लांबीचा फुलण्याशीं असलेला हा संबंध गार्नर व अॅलार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. रात्रीं वाफ्यावर दिवा लावला तर कळी लांबणीवर पडते. बाजाराची वेळ साधण्यासाठीं फूलशेती करणारे ही युक्ति योजतात. प्रकाशासारखी चांगली वस्तुही अवेळीं आड येते. जे आईबाप मुलाची रोज परीक्षा घेतात त्यांनीं ह्याचा विचार करावा.

परंतु कोणी म्हणेल, आळशाला हें बरें निमित्त सांपडलें! हा आक्षेप मी पोकळ मानीत नाहीं. थांबणें व हयगय करणें हीं दुरून सारखींच दिसतात. भेद पाहावयाचा तो माळ्याच्या हातांकडे पाहून. वैशाखांत लावलेल्या शेवंतीचा शेंडा महिन्याभरानें खुडावा लागतो, नाहीं तर बाजूचे फुटवे येत नाहींत व झाड उंच, किरकोळ वाढतें. पावसांत बुडाशीं पाणी सांचलें तर मुळें कुजतात, म्हणून चर काढावा लागतो. तण, मावा, टेकू हीं कामें आहेतच. ज्यानें हें केलें तोच खरोखर थांबला आहे. इतरांस आश्विनांत फुलें मागण्याचा अधिकार नाहीं. आणि खुडण्यालाही मुदत आहे. कळी धरण्याच्या सुमारास शेंडा खुडला तर तो बहरच जातो. शिस्त लावणाऱ्या हाताला हें नेहमीं स्मरत नाहीं.

हिवाळा सरल्यावर फुललेल्या दांड्या वाळतात, आणि पुष्कळ लोक त्याच वेळीं झाड मेलें असें समजून उपटून टाकतात. दांड्या जमिनीपासून चार बोटें ठेवून कापाव्या व बेतानें पाणी देत जावें. बुडाशीं मातींतून कोवळे मुनवे वर येतात, व पुढल्या वैशाखांत नवा वाफा त्यांचाच लावावयाचा असतो.