कोणाच्या वाट्याचा माणूस?

आपल्याकडे शेंगेन म्हणजे व्हिसा. बँकेचं स्टेटमेंट, विम्याचा कागद, हॉटेलचं बुकिंग अशी चळत जोडून अर्ज करायचा आणि एका शिक्क्यावर पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत फिरून यायचं. प्रत्यक्षात शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं छोटंसं गाव. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिघांच्या सीमा तिथे भेटतात. १४ जून १९८५ रोजी तिथल्या नदीत ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आदल्या वर्षी सीमेवरच्या रांगांना वैतागून ट्रकचालकांनी रस्ते अडवले होते, त्याची पार्श्वभूमी या कराराला होती. सह्यांसाठी बडे मंत्री आले नव्हते, राज्यमंत्री दर्जाच्या लोकांनीच काम उरकलं.

युरोपचं सामाईक आश्रय धोरण या वाहतुकीच्या सोयीच्या पोटी जन्मलं, आणि त्याची बरीचशी दुखणी जन्मजात आहेत असं माझं मत आहे. १९५१ च्या जिनिव्हा निर्वासित कराराने एक साधा प्रश्न विचारला होता: या माणसाला मायदेशी परत पाठवलं तर त्याचा छळ होईल का? शेंगेनने दुसराच प्रश्न उभा केला. आतली दारं उघडी असताना कोणी इटलीत उतरला आणि अर्ज मात्र जर्मनीत केला, तर तो कोणाच्या खात्यावर मांडायचा? पहिला प्रश्न माणसाचा होता, दुसरा सरकारांचा आपसांतला. पुढच्या चाळीस वर्षांत दुसऱ्याने पहिल्याला जवळजवळ गिळून टाकलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९९० च्या जूनमध्ये डब्लिनला ठरलं. जवळचे नातेवाईक कुठे आहेत, व्हिसा कोणी दिला हे आधी पाहायचं. तसं काही नसेल तर ज्या देशात माणसाचं पहिलं पाऊल पडलं, त्या देशाने त्याचा अर्ज निकाली काढायचा. या नियमामागचा हेतू वाईट नव्हता, हे सांगायला हवं. त्याआधी ‘तुमचा अर्ज आमच्याकडे येत नाही’ असं म्हणत आश्रय मागणाऱ्याला एका देशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात टोलवलं जाई. ही टोलवाटोलवी थांबावी, हे कराराच्या प्रस्तावनेतच नोंदवलेलं आहे. पण पहिलं पाऊल कुठे पडणार हे नकाशाच ठरवतो. ग्रीसची बेटं तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसतात. लक्झेंबर्गला समुद्रच नाही. जर्मनीत १९९२ साली सुमारे ४ लाख ३८ हजार अर्ज आले. पुढच्याच वर्षी तिथल्या पक्षांनी राज्यघटनेतल्या आश्रयाच्या हक्काला मुरड घातली: सुरक्षित शेजारी देशातून आलेल्याला तो हक्क सांगता येणार नाही. आणि जर्मनीचे सगळेच शेजारी सुरक्षित मानले गेले.

पहिलं पाऊल सिद्ध कसं करायचं? त्यासाठी २००३ पासून युरोडॅक नावाची बोटांच्या ठशांची सामाईक नोंद सुरू झाली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे, संगणकात टाकायचे आणि दुसऱ्या देशात तोच माणूस आला की जुळवून पाहायचे. मग फ्रान्समधल्या कॅलेच्या परिसरात, इंग्लंडकडे जाण्याच्या वाटेवर तिष्ठत बसलेले तरुण आपल्या बोटांची टोकं तापलेल्या लोखंडावर भाजून घेऊ लागले. कातडी पुन्हा येते, तिच्याबरोबर ठसाही बहुधा परत येतो, म्हणून पुन्हा भाजायचं. स्वतःला ओळखू येऊ नये यासाठी माणूस हे करतो तेव्हा तो काय सांगत असतो? मला इटलीच्या नव्हे, माझा भाऊ जिथे आहे त्या देशाच्या खात्यावर मांडा, एवढंच. नियमात भावाला जागा नव्हती. कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अल्पवयीन मुलं.

नियमाचा पाया खचला तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात, २१ जानेवारी २०११ रोजी. दाद मागणारा, निकालपत्रात आद्याक्षरांनीच ओळखला जाणारा अफगाण माणूस परदेशी फौजांचा दुभाषा म्हणून काम केलेला होता. ग्रीसमार्गे तो बेल्जियमला पोचला. बेल्जियमने डब्लिनच्या नियमावर बोट ठेवून त्याला अथेन्सच्या विमानात बसवलं. तिथे विमानतळाशेजारच्या कोठडीत त्याला दाटीवाटीत डांबलं, नंतर सोडलं ते थेट रस्त्यावर. तो एका बागेत झोपू लागला. न्यायालयाने ग्रीसला तर दोषी धरलंच, बेल्जियमलाही धरलं. ग्रीसमध्ये काय चाललंय हे तुम्हाला माहीत होतं, नियमाआड लपता येणार नाही. सामाईक धोरणाचा सगळा डोलारा ‘प्रत्येक सदस्य देशातली वागणूक सारखीच’ या गृहीतावर उभा होता. ते गृहीत खोटं आहे, हे आता न्यायालयाच्या शिक्क्यानिशी सिद्ध झालं.

२०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे आली आणि वाटणीचा विचार पुढे आला. इटली आणि ग्रीसमधून एक लाख साठ हजार जणांना इतर देशांत हलवायचं ठरलं. त्यातल्या मोठ्या हिश्श्याचा निर्णय बहुमताने रेटला गेला; हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक प्रजासत्ताक आणि रुमानिया यांनी विरोधात मत दिलं. प्रत्यक्षात हलले ते जेमतेम पस्तीस हजार. अडवणूक करणाऱ्या सरकारांवर टीका करणं सोपं आहे, आणि ती रास्तच आहे. पण ज्या माणसांना हलवायचं, त्यांना कुठे जायचंय हे या योजनेतही जवळपास कोणी विचारलं नाही. लॅटव्हियाला पाठवलेला सीरियन थोड्याच दिवसांत जर्मनीच्या वाटेला लागला, तर त्यात नवल ते काय?

याच्या नेमका उलटा प्रयोग २०२२ मध्ये झाला, तोही ठरवून नव्हे. युक्रेनवर हल्ला होताच २००१ पासून धूळ खात पडलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा बाहेर काढला गेला. युक्रेनी नागरिकांना व्हिसाची गरज आधीच नव्हती. आता जिथे हवं तिथे जा, राहा, काम करा, असं झालं. पहिल्या पावलाचा हिशेब कोणी मांडला नाही. चाळीस लाखांवर माणसं अशी विखुरली. बरीच पोलंड आणि जर्मनीत राहिली, बाकीची ओळखीपाळखीने स्पेनपासून आयर्लंडपर्यंत गेली. पुढे घरांची टंचाई झाली, कुरबुरी झाल्या, सवलती कापल्या गेल्या. पण व्यवस्था कोसळली नाही. हे लोक गोरे, ख्रिस्ती आणि शेजारचे होते म्हणून दारं उघडली, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही निवड माणसावर सोपवली की गोंधळ माजेल, हे डब्लिनचं तीस वर्षांचं भय या अनुभवापुढे टिकत नाही.

धोरणकर्त्यांनी यातून भलताच धडा घेतला. मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आणि जून २०२६ पासून लागू करायचं ठरलेल्या युरोपीय संघाच्या नव्या आश्रय-करारात पहिल्या पावलाचा नियम कायम आहे. ठसे आता सहा वर्षांच्या पोराचेही घेतले जाणार. वाटणीचा तिढा सोडवायला ‘एकजुटी’चे पर्याय दिले: माणसं घ्या, नाहीतर न घेतलेल्या प्रत्येकामागे २० हजार युरो भरा, नाहीतर कर्मचारी आणि सामग्री पाठवा. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ‘सुरक्षित मायदेशां’ची सामाईक यादी सुचवली. तिच्यातल्या सात देशांत भारत आहे, बांगलादेशही आहे. अशा देशातून आलेल्याचा अर्ज झटपट निकाली काढायचा, म्हणजे बहुतांशी फेटाळायचा.

एक फट मात्र राहिली आहे. कोणी एखाद्या सदस्य देशात शिकून अलीकडेच तिथली पदविका वा पदवी घेतलेली असेल, तर त्याचा अर्ज त्या देशाने पाहायचा, असं कलम नव्या नियमांत आलं आहे. माणसाचं एखाद्या ठिकाणाशी नातं असू शकतं, ही कबुली अशी मागच्या दाराने आत आली. इटलीच्या लाम्पेदूसा बेटाच्या धक्क्यावर उतरणाऱ्या इरिट्रियाच्या पोराच्या खिशात म्युनिकचं प्रमाणपत्र निघेल, अशी अपेक्षा हे कलम लिहिणाऱ्यांनीही केली नसावी. त्याच्या खिशात सापडलाच तर चुलतभावाचा फोन नंबर सापडेल, आणि त्याच्यासाठी अजून कलम नाही.