सभागृहातले असत्य

न्यायालयात शपथेवर खोटी साक्ष देणाऱ्या गरीब कुळाला तुरुंगाची वाट दिसते. मग विधिमंडळात उभा राहून सगळ्या देशाला खोटे सांगणाऱ्या मंत्र्याचे काय? कायद्याला विचारावे, तर तो मौन धरतो. आपल्या घटनेच्या १०५ व्या आणि १९४ व्या कलमांनी सभागृहातील भाषणाला न्यायालयापासून अभय दिले आहे. भाषणासाठी लाच घेतली तर खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले. पण फुकट खोटे बोलणारा मोकळाच!

हा अन्याय वाटतो खरा. पण या अभयाचे मूळ पाहावे. १६२९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात राजाला न रुचणारी भूमिका घेतली, म्हणून पहिल्या चार्ल्सने सर जॉन इलियटला कैदेत टाकले. १६३२ मध्ये तो कैदेतच मेला. पुढे १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने सभागृहातील वाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे हे छप्पर उभारले गेले ते राजापुढे दुबळ्या असलेल्या सदस्यासाठी. आज त्याच छपराखाली सत्ताधारीही येऊन बसला आहे, हीच खरी अडचण.

मग छप्पर पाडावे काय? मला तसे वाटत नाही. पोलीस ज्याच्या हाती, तो सापडणार नाही. सापडेल तो अडचणीचा प्रश्न विचारणारा विरोधी सदस्य. कोतवालाच्या चौकशीचे काम कोतवालाकडेच कसे द्यावे?

पण न्यायालयात शिक्षा नाही, म्हणून तो गुन्हाच नव्हे, असे मात्र कोणी म्हणू नये. द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याची वार्ता धर्मराजालाच का विचारली? तो खोटे बोलणार नाही, हा विश्वास होता म्हणून. धर्मराजावर खटला झाला नाही. पण जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. असत्याचे वजन ऐकणाऱ्याच्या विश्वासावरून ठरते. सभागृहात सगळेच ‘माननीय’. एकाने दुसऱ्याला खोटारडा म्हणायचीही सोय नाही. इतका विश्वास ज्याला उसना मिळाला, त्याने तो बुडवला तर ते कर्ज साधे नव्हे.

हे कर्ज सभागृहानेच वसूल केले पाहिजे. ब्रिटनचा युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो २२ मार्च १९६३ रोजी आपल्या खाजगी संबंधांविषयी सभागृहात खोटे बोलला. ५ जूनला त्याला कबुली देऊन पद सोडावे लागले. पुढची कित्येक वर्षे त्याने लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल या संस्थेत सेवा करण्यात घालवली. २०२३ मध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, असा निर्णय सात जणांच्या समितीने दिला. त्या सातांत चौघे त्यांच्याच पक्षाचे होते! सभागृहाने तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला.

मला मोल वाटते ते त्या चौघांचे. कायदा कितीही कडक केला, तरी आपल्या माणसाच्या खोट्याला खोटे म्हणणारी माणसे कायद्यातून निपजत नाहीत; ती घराघरांतून यावी लागतात. फराळाच्या ताटाभोवती राजकारणाच्या गप्पा रंगतील, तेव्हा विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याचे असत्य आपण चवीने सांगूच. आपल्या आवडत्या पुढाऱ्याचे असत्य निघाले, की मात्र आपण चकलीचा तुकडा मोडतो आणि विषय बदलतो. त्याचा वकील होऊन आपणच त्याला सोडवत असतो.