गुप्तदान आणि उघडी वही

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. तो वाजतगाजत येतो आणि कोणी आणला हे साऱ्या गावाला ठाऊक असते. त्याच दर्ग्यातल्या पेटीत कोणी किती टाकले, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. उघड देणे आणि झाकून देणे या दोन्ही रीती एकाच दाराशी सुखाने नांदतात, आणि शास्त्राचाही याला विरोध नाही. कुराणाच्या मते उघड दान चांगलेच, पण गरजूला गुपचूप दिलेले अधिक चांगले. या गावात १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय सुरू केले, त्यामागे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनचा पैसा होता. त्या मिशनच्या बायबलातही उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू देऊ नये अशी शिकवण आहे. गीतेचा सतरावा अध्याय परतफेडीची आशा न ठेवता दिलेल्या दानाला सात्त्विक म्हणतो. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवून घेणाऱ्या देणगीदारांनी हा अध्याय कधी उघडलेला नसावा.

नाव झाकण्यामागे देणाऱ्याचा अहंकार आवरणे हा एक हेतू झाला. त्याहून मोठा हेतू घेणाऱ्याला मिंधेपणापासून वाचवण्याचा आहे. तिसऱ्या हेतूबद्दल फारसे कोणी बोलत नाही: बघ्यांनी दुसऱ्याच्या मिळकतीची मोजदाद करत बसू नये. पण यात झाकले जाते ते नाव. पेटी विश्वस्तांसमोर उघडली जाते, रक्कम मोजली जाते, वहीत चढते, लेखापरीक्षकापुढे जाते. म्हणजे गुप्तदानात दाता झाकलेला असतो आणि हिशेब उघडा. कायद्यालाही हे मान्य आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११५बीबीसीने धर्मादाय संस्थांच्या निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर बसवला, पण निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून वगळले. दानपेटी आणि काळ्या पैशाची पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

बिटकॉइनने ही मांडणी उलटी केली. जानेवारी २००९ पासून आजपर्यंतचा त्याचा प्रत्येक व्यवहार जगातल्या कोणालाही फुकट पाहता येतो. नावाच्या जागी अक्षरे आणि आकडे असलेला एक पत्ता असतो, म्हणून हे चलन गुप्त आहे असा समज पसरला. तो चुकीचा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, इथल्या एखाद्या सतारमेकराने परदेशी गिऱ्हाइकांसाठी बिटकॉइन घ्यायचे ठरवले आणि सगळ्यांना एकच पत्ता दिला. कोणतेही गिऱ्हाईक पैसे पाठवते तेव्हाच त्याला कळते की हा पत्ता कोणाचा. मग आधीच्या वाद्याला किती मिळाले, कोणाला किती सूट दिली, शिल्लक किती, सारे त्याच्यासमोर उघडे. त्याच पत्त्यावरून भोपळ्यांचे पैसे दिले असतील तर नफ्याचा आकडाही हाती लागतो, आणि पुढची सतार घेताना घासाघीस कोण करणार हे सांगायला नको. कारागिराने दोन पत्त्यांवरची रक्कम एका व्यवहारात एकत्र केली की दोन्ही पत्ते एकाच धन्याचे असावेत, हा अंदाज बांधणारी सॉफ्टवेअर आहेत. पॅन आणि आधार देऊन जिथे खाते उघडले त्या एक्स्चेंजमधून पैसे आले-गेले असतील, तर खरे नावही तिथल्या नोंदीत असतेच. एकदा नाव पत्त्याला चिकटले की ते मागच्या सगळ्या वर्षांना चिकटते. बिटकॉइनच्या जनकाला हे दिसले होते. २००८ च्या मूळ निबंधात खासगीपणावर वेगळे प्रकरण आहे आणि दर व्यवहाराला नवी किल्ली वापरण्याचा सल्ला आहे. तो पाळणारे थोडे.

धार्मिक वाचकाचा आक्षेप इथे येईल: देव सगळे पाहतोच, चित्रगुप्ताच्या वहीतून काही सुटत नाही, मग माणसांच्या वहीला का भ्यावे? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात त्या वहीचे दोन गुण विसरले जातात. ती चावडीवर टांगलेली नसते. तिचा वाचक एकच, आणि न्याय करण्याचा अधिकार असलेला. शिवाय प्रायश्चित्ताला तिथे जागा आहे, जुने पान कायमचे गळ्यात पडत नाही. माणसांच्या वह्यांबद्दल तर महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. सावकारीची आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, ही कथा परंपरेने जपली, कारण वही बुडवता येणे ही तिला मुक्तीची खूण वाटली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, त्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. दस्त हाती घेऊन जाळले गेले. बिटकॉइनची वही, म्हणजे ब्लॉकचेन, बुडत नाही आणि जळत नाही. जी वही सर्वांना दिसते आणि काहीच विसरत नाही, ती देवाच्या वहीपेक्षाही निर्दय ठरते. तिच्यापासून स्वतःचे नाव राखणे म्हणजे देवापासून लपणे नव्हे. इस्लामने तर एकमेकांवर हेरगिरी करणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले आहे.

दुसरा आक्षेप पोलीस ठाण्यातला आहे आणि तो धर्मचर्चेने उडवता येत नाही. गुप्ततेचा आडोसा चोर घेतात. टोर्नाडो कॅश या व्यवहार सरमिसळ करणाऱ्या सेवेतून उत्तर कोरियाशी जोडलेल्या लाझारस टोळीने ४५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम फिरवली, असे सांगून अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. त्याच आठवड्यात इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचे सहसंस्थापक विटालिक बुटेरिन यांनी जाहीर केले की युक्रेनला मदत करताना आपणही हीच सेवा वापरली होती. युद्धात मदत घेणाऱ्याचा पत्ता उघडा पडणे म्हणजे काय, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. चोराचे लपणे आणि गुप्तदान एकाच वाटेने गेले होते. मार्च २०२५ मध्ये हे निर्बंध उठले. आपल्याकडचे गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेतल्या फसवणुकीचे प्रकरणही याच संदर्भात पुढे केले जाते. पण तिथे लोक फसले ते दरमहा खात्रीच्या परताव्याच्या आश्वासनाला, पत्त्यांच्या गुप्ततेला नव्हे. आणि तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली. जप्तीतले चलन परस्पर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. ज्यांच्या हाती सगळे दिसण्याची सोय असते त्यांच्यावर नजर कोण ठेवणार, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनीही सोडवायला हवा.

तरीही सगळ्या गुप्ततेची वकिली करता येत नाही. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून होणारा सौदा दलालाच्या सोयीचा होता. शेतमालाला बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला तो अशा झाकल्या बोलीत शेतकरी नाडला जात होता म्हणूनच. निवडणूक रोख्यांत देणगीदाराचे नाव मतदारापासून झाकलेले आणि बँकेच्या नोंदीत मात्र होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारे न्यायालय हेच. यात विसंगती नाही. ज्याचे आपण देणे लागतो त्याच्यापासून लपवणे अधर्म आहे: दलालाने शेतकऱ्यापासून, पक्षाने मतदारापासून, नागरिकाने कर खात्यापासून. ज्याचे काहीच देणे नाही त्याला आपली वही वाचू देण्याचे बंधन कोणत्याही धर्माने घातलेले नाही, आणि दुसऱ्याचे नाव आपल्या वहीतून उघडे पडू देणे हा तर त्या दुसऱ्यावर अन्याय आहे.

२०१६ मध्ये आलेल्या झीकॅश या चलनात ही सीमा गणितातच बसवलेली आहे. व्यवहार झाकता येतो आणि ज्याचा तो आहे त्याला केवळ पाहण्यापुरती किल्ली लेखापरीक्षकाच्या हाती देता येते. खर्च करण्याचा अधिकार स्वतःकडेच राहतो. दानपेटी आणि विश्वस्त यांची जुनी रचना इथे पुन्हा भेटते. बिटकॉइन वापरणाऱ्यालाही बरेच काही करता येते: दर व्यवहाराला नवा पत्ता, दानाचे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या पाकिटांत, शिलकीचे आकडे समाजमाध्यमांवर न मिरवणे. यातले काहीही बेकायदा नाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विक्रीवर सर्वसाधारणपणे १ टक्का उगमकपात. तो हिशेब कर खात्याला चोख द्यावा. देणगी म्हणून हे चलन घेऊ पाहणाऱ्या विश्वस्तांनी आधी सनदी लेखापालाला विचारावे, आणि मग फलकावर कायमचा एक पत्ता रंगवू नये. दर देणगीदाराला नवा पत्ता द्यावा.