वीस पत्ते

एका शनिवारी रात्री वाकडच्या आमच्या फ्लॅटवर माझ्या हातात गुलाम, दश्शी, सत्ती आणि छक्की होती. टेबलावर नव्वी, अठ्ठी, दुर्री. एक इस्पिक, एक बदाम, एक किलवर. म्हणजे त्या क्षणी माझ्याकडे काहीच नव्हतं, साधी जोडीसुद्धा नाही. आणि तरी मी सगळे चिप्स पुढे सरकवले.

खेळ होता पॉट-लिमिट ओमाहा. ज्यांना फक्त तीन पत्ती माहीत आहे त्यांच्यासाठी: प्रत्येकाला चार पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. हातातले नेमके दोन आणि टेबलावरचे नेमके तीन घेऊन पाचांचा डाव बनवायचा. बेट जास्तीत जास्त किती, तर मध्ये जेवढं जमलंय तेवढी. आम्ही प्लास्टिकच्या चिप्सवर खेळतो आणि सगळ्यात जास्त हरणारा बिर्याणी मागवतो. काही वर्षं मी ऑनलाइन, खऱ्या पैशांवरही खेळलो. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते संपलं. मला त्याचं फारसं दुःख नाही. पगार झाल्यावर तीन दिवसांत उधार मागणारे लोक मी जवळून पाहिलेत.

तर, माझ्याकडे काही नव्हतं, पण येऊ शकणारं बरंच होतं. राणी आली तर सलग पाच, म्हणजे स्ट्रेट. गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी, यातलं काहीही आलं तरी स्ट्रेट. चार राण्या, चार पंज्या आणि बाकी चौघांचे तीन-तीन, असे वीस पत्ते. याला रॅप म्हणतात. होल्डेममध्ये दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट-ड्रॉ असला तरी आठच पत्ते कामाचे असतात.

समोरच्या मित्राकडे दोन नव्व्या होत्या, बरोबर एक्का आणि राजा. टेबलावरची तिसरी धरून तीन नव्व्या, म्हणजे त्या फ्लॉपवरचा सगळ्यात मोठा तयार हात. मी नंतर गणित करून पाहिलं. त्याचं फुल हाउस होण्याच्या शक्यता वजा केल्या आणि फ्लशचे दूरचे योग सोडून दिले, तरी मी जवळपास ५४ टक्के वेळा जिंकतो. हातात काही नसलेला माणूस हातात सगळं असलेल्याच्या पुढे असतो! पॉटएवढ्या बेटला नुसता कॉल करायला ३३ टक्के पुरतात, कारण एक लावून तिनाचा ढीग मिळवायचा असतो. ५४ टक्के असताना कॉल करत बसायचं नसतं, रेझ करायचं असतं. समोरचा घाबरून पत्ते टाकेल हा फायदा वेगळाच.

पुढचा पत्ता राणी आला. शेवटचा आला दुर्री. त्याचं फुल हाउस, माझी बिर्याणी.

मी हसत म्हणालो, "निर्णय बरोबर होता." पोकर खेळणारे हे वाक्य श्वासासारखं घेतात. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवायची नाही, हा या खेळाचा पहिला संस्कार. ५४ टक्क्यांचा डाव हजार वेळा खेळलो तर मी पुढेच असणार. आज हरलो हा व्हेरियन्स.

हेच वाक्य मी त्याआधी एकदा बोललो होतो, बार्शीला, दिवाळीत, मामाच्या ओट्यावर.

माझा मामेभाऊ २०२३मध्ये इंजिनीअर झाला. त्याच्याकडे दोन ऑफर होत्या. एक मोठ्या कंपनीची, साडेतीन लाखांची, जॉइनिंगची तारीख नक्की नसलेली. दुसरी बारा जणांच्या स्टार्टअपची, सात लाख आणि वर ईएसॉप. त्याने मला फोन केला, कारण घरात "सॉफ्टवेअरमधला" मी एकटाच. मी एक्सेल शीट केली. कंपनीला पुढचं फंडिंग मिळालं तर काय, कोणी विकत घेतली तर काय, प्रॉडक्ट चाललं तर काय, बुडाली तरी अनुभवावर दुसरी नोकरी किती दिवसांत. प्रत्येकापुढे टक्के, प्रत्येकापुढे रुपये, खाली बेरीज. बेरीज स्टार्टअपच्या बाजूने होती, आणि थोडीथोडकी नव्हे. मी त्याला म्हणालो, डोळे झाकून जा.

अकरा महिन्यांत कंपनी बंद झाली. शेवटचे दोन पगार मिळाले नाहीत. मोठ्या कंपनीची ऑफर केव्हाच गेली होती. तो आठ महिने घरी बसला आणि त्याच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते मामाने भरले.

दिवाळीत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "निर्णय बरोबर होता रे. व्हेरियन्स आहे हा." तो मान डोलावत राहिला. मामा शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. त्याने वर न बघता विचारलं, "हरल्यावर पैसे कुणाचे गेले?"

मला तेव्हा राग आला होता. गणित न कळणाऱ्या माणसाचा प्रश्न वाटला. नंतर लक्षात आलं की द्यूतसभेत द्रौपदीने जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. फासे कसे पडले हे तिने विचारलंच नाही. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का, एवढंच विचारलं. भीष्मांनाही सरळ उत्तर देता आलं नाही.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये नैतिक नशिबावर लिहिलं. विल्यम्सचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. एका ट्रकचालकाची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. लोक त्याची समजूत काढतात, तुझा दोष नव्हता म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण तो जर लगेच "हो, माझा दोष नव्हता" म्हणून जेवायला बसला, तर आपल्याला त्याच्याबद्दल शंका येईल. बघ्याला वाटणारं वाईट आणि चालकाला वाटणारं वाईट एक नसतं, नसावंही. दिवाळीच्या त्या संध्याकाळी मी बघ्यासारखा बोललो होतो. गाडी मी चालवत होतो.

हजार वेळा खेळण्याचा हिशोबही त्याला लागू नव्हता. मला पुढच्या शनिवारी नवे चार पत्ते मिळतात. त्याला कॉलेजमधून बाहेर पडायचं वर्ष एकदाच मिळालं. पीएलओत सगळे चिप्स मध्ये गेल्यावर खेळाडू अनेकदा उरलेले पत्ते दोनदा वाटतात आणि पॉट अर्धा-अर्धा करतात. सरासरी तीच राहते, फक्त एका दुर्रीने सगळं जात नाही. मामा हे आयुष्यभर करत आलाय. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं. तो तेवढा झाल्यावरही मामा सोयाबीन एका दमात पेरत नाही. अर्धं रान आधी, अर्धं आठवड्याने. दुबार पेरणी आलीच तर अर्ध्याची येते. (आमच्यातले दोघे मात्र दोनदा वाटायला कधी तयार होत नाहीत. त्यांना त्यात भित्रेपणा वाटतो. त्यांच्या घरी हप्ते नाहीत.)

पण खरी अडचण याहून साधी निघाली. बिर्याणीच्या रात्रीनंतर मी ती जुनी शीट पुन्हा उघडली.

ड्रॉच्या हातात पत्ते नुसते मोजून चालत नाही. त्याच फ्लॉपवर माझ्याकडे सत्ती, छक्की, पंजी आणि एक राजा असता, तर स्ट्रेट करणारे तेरा पत्ते होते. तेरा ऐकायला छान वाटतं. पण त्यातल्या फक्त तीन पंज्या मला सगळ्यात मोठा स्ट्रेट देतात. दश्शी, सत्ती, छक्की आली तर माझा डाव लागतो आणि समोरच्याचा त्याहून मोठा लागलेला असू शकतो. ओमाहात लोक सगळ्यात जास्त पैसे इथेच घालवतात. हवं ते पान येतं, आणि म्हणूनच ते अडकतात.

माझ्या शीटमध्ये फंडिंग हा एक मोठा आउट होता. पण फंडिंग आलं असतं तर पैसा अनुभवी लोक घ्यायला गेला असता, फ्रेशरला काय मिळणार होतं? कंपनी विकली गेली असती तर? ईएसॉप दिल्यापासून हातात यायला कायद्यानेच किमान एक वर्ष जावं लागतं. पहिल्या वर्षात त्या शेअर्सची किंमत त्याच्यासाठी शून्य होती आणि मी तिथे लाख लिहिले होते. मी तेरा पत्ते मोजले होते. कामाचे तीन होते.

म्हणजे निर्णय बरोबर नव्हताच. मी चुकीचं मोजलं, आणि चुकीला व्हेरियन्स म्हणालो. वाकडची ती रात्र आणि बार्शीची ती दिवाळी मला इतके दिवस एकसारखी वाटत होती, कारण दोन्हीकडे मी तेच वाक्य बोललो होतो. निकालावरून निर्णय तोलू नये हे मला आजही पटतं. मात्र त्याच्या आडोशाला बसून मी मोजणी पुन्हा तपासायचं टाळलं, वर्षभर.

मामेभाऊ आता सोलापुरात एका छोट्या कंपनीत आहे. गेल्या महिन्यात मी त्याला फोन करून हे सगळं सांगितलं. क्लिफ, फंडिंग, लाखांच्या जागी शून्य. माफी मागायची म्हणून घसा खाकरला.

"क्लिफचं मला माहीत होतं, दादा," तो म्हणाला. "ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं होतं. मी तेव्हाच वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या खात्रीने सांगत होतास."