रबराचं वय

मेस्त्रींनी माझ्या तळहातावर ठेवलेला तुकडा सुपारीएवढा होता. एका बाजूने गुळगुळीत काळा, दुसऱ्या बाजूने मे महिन्यातल्या शेतासारखा भेगाळलेला. अंगठ्याने दाबला तर त्याचा भुगा झाला आणि काजळासारखा बोटांच्या रेषांत बसला. धारवाडला माळमड्डीत आमच्या घराच्या वळणावर एक गतिरोधक आहे. त्यावरून गाडी उतरली की गेलं वर्षभर मागच्या डाव्या चाकापाशी जुन्या वाड्याची कडी सरकल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजापायी मी रस्ते बदलले, रेडिओ मोठा केला, डिकीतला जॅक आणि पाने काढून घरात ठेवून पाहिले. आणि कारण निघालं हे.

‘‘लोखंडाला काय होतंय हो,’’ मेस्त्री म्हणाले, ‘‘आधी रबर मरतंय.’’

मेस्त्रींचं गॅरेज हुबळीला, होसूरच्या अलीकडे. आमचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. कुठलंही दुखणं सांगितलं की ते आधी ‘नडीतद्री’ म्हणतात. चालतंय की, असा त्याचा मराठी अर्थ. पण त्यात चालेल, चालवून घ्या आणि चालतंय हेच नशीब समजा, या तिन्ही छटा असतात. कुठली कधी हे त्यांच्या भुवयांवरून ओळखावं लागतं.

गाडी मर्सिडीज, ई २२०, १९९६ सालची, पुण्यात जुळवलेली. मामांची. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी चावी माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि ‘विकू नकोस, चालव’ एवढंच म्हणाले. घरात तिला अजूनही मामाची गाडी म्हणतात, जरी पाटी बदलून के. ए. २५ झाली त्यालाही आता बरीच वर्षं उलटली.

मर्सिडीज कंपनी १९९४ साली टाटांच्या टेल्कोच्या भागीदारीत भारतात आली आणि दुसऱ्या वर्षापासून टेल्कोच्याच आवारात ई-क्लास बांधू लागली. पण जी पिढी इथे बांधायला घेतली ती, कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२४, जर्मनीत १९८४ च्या अखेरीस जन्मली होती. १९९५ मध्ये तिची जागा घेणारी नवी ई-क्लास तिथल्या रस्त्यांवर आलीसुद्धा. म्हणजे आमच्या दारात हळदीच्या पावलांनी आलेली ही नवरी माहेरी आजी झालेली होती! खरं तर तो तीन टोकांचा तारा आपल्याकडे त्याच्याही चाळीस वर्षं आधी आला, पण ट्रकच्या नाकावर. १९५४ पासून १९६९ पर्यंत टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार होता. तो संपल्यावर ताऱ्याच्या जागी टाटांचं इंग्रजी ‘टी’ बसलं. कापूस आणि ब्याडगीची मिरची जिथे पोत्यांनी येते त्या हुबळीत माझ्या आजोबांच्या पिढीला मर्सिडीज म्हणजे लारी. ऐषआराम त्या ताऱ्याला मागाहून चिकटला.

आणि ऐष म्हणजे नेमकं काय, हे गाडी नवी असताना कळत नाही. तेव्हा वाटतं कातडी बैठक, अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, जाड दाराचा तो धप्प आवाज. गाडी लिफ्टवर चढवून तिच्या पोटाखाली उभं राहिलं की उलगडा होतो. मागच्या एकेका चाकाला पाच-पाच दांडे धरून असतात. कुणी चाकाची पुढची ओढ सोसतो, कुणी बाजूची, कुणी ब्रेक लागल्यावरची. या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं. मागे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातसुद्धा रबराची भाकरीएवढी चकती. लोखंडाला लोखंड थेट भिडू नये, यासाठी केलेली ही सगळी यातायात. साध्या गाडीत आणि हिच्यात धातूचा फरक असतोच, पण त्याहून मोठा फरक दोन धातूंच्या मधे जे घातलेलं असतं त्याचा. घर्षण कुठेच कमी झालेलं नसतं. ते आपल्या कानापर्यंत येऊ दिलेलं नसतं.

आणि मधलं ते सगळं मऊ, म्हणून अल्पायुषी. इंजिन आजही अर्ध्या वळशात जागं होतं, मैसुरी पागोटं घातलेल्या जुन्या कारकुनासारखं निमूट कामाला लागतं. पण बुश गेले, माउंटिंग बसली, दारांच्या कडांची पट्टी कडक झाली, लाकडावरच्या लाखेला कोळिष्टकासारख्या चिरा पडल्या. गाडीतली गाडी शाबूत आहे. ऐष तेवढी आधी मेली. एके काळी जी गोष्ट चाळीस हातांनी लपवून ठेवली होती ती आता रोज सकाळी गतिरोधकावर ऐकू येते.

रबराचा स्वभाव विलक्षण आहे. कच्चं रबर उन्हात पाघळतं, थंडीत कडकतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने त्यात गंधक घालून तापवलं, तेव्हा त्याच्या मोकळ्या रेणूंना एकमेकांशी टाके पडले आणि ते लवचीक राहू लागलं. पण हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्या विणीशी खेळत राहतात. काही धागे तोडतात, काही ठिकाणी नको तितके टाके घालतात. ताणलेल्या जागी भेग पडते, बाकीचं टणक होतं. गाडी चालवा अगर न चालवा. माझ्या दृष्टीने मुद्दा इथे आहे. लोखंडाचं वय किलोमीटरनी वाढतं, रबराचं दिवसांनी. एकाच गाडीत अशी दोन पंचांगं चाललेली असतात, आणि काचेमागच्या मीटरला त्यांतलं एकच वाचता येतं.

कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते. १९३०च्या दशकातली, राजाराम महाराजांच्या काळातली गाडी. गर्दीतून लहान मुलं खांद्यावर उचलून ती दाखवतात. धारवाडहून तो सोहळा पाहायला मी दोनदा गेलो, दुसऱ्यांदा फक्त तिच्यासाठी. लोक तिचा रंग, लांबी, दिवे पाहत होते. मी मात्र मनात म्हणत होतो, हिच्या पोटातलं रबर कुणी, कितव्यांदा बदललं असेल? वर्षातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीलाही त्या दुसऱ्या पंचांगातून सुटका नाही. पण तिच्याकडून कुणी रोज भाजी आणण्याची अपेक्षा करत नाही. जपून ठेवलेलं म्हातारपण आणि वापरातलं म्हातारपण यांत फार अंतर आहे, आणि मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड.

माझ्या गाडीचं खरं दुखणं मात्र वाताचं. हे मी विनोदाने म्हणत नाही. आयुर्वेद वयाचे तीन भाग मानतो: बालपणात कफाचं राज्य, मधल्या वयात पित्ताचं, उतारवयात वाताचं. सांध्यांत वंगणाचं काम करणाऱ्या कफाला तिथे श्लेषक असं नेमकं नाव आहे. तो आटला की वात वाढतो, हाडं वाजू लागतात. आता या गाडीची दारं विजेने कुलूपबंद होत नाहीत, हवेने होतात. मागे कुठेतरी दडलेला एक छोटा पंप बारीक नळ्यांतून हवा ओढतो-ढकलतो, आणि दर दारात एक रबरी पडदा हलतो. नवी असताना चावी फिरवली की चारही दारं एका सुस्काऱ्यानिशी मिटायची. आता त्या पडद्यांपैकी एखाद्याला टाचणीएवढं भोक पडतं, आणि पंप आपला घरघरतच राहतो. बिचारा हवा भरतो आहे, ती कुठे जाते हे त्याला उमगत नाही. तीन दारं मिटतात, चौथं उघडं. दुसऱ्या दिवशी वेगळंच कुठलं तरी उघडं. मेस्त्री कानाला नळी लावून वैद्यासारखे बसतात.

आई आता ब्याऐंशीची. ती मागे बसते, उजव्या बाजूला, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. एकदा केळगेरीच्या वळणावर म्हणाली, ‘‘हे माझं वाजलं का गाडीचं?’’ मी गाडीचं म्हणालो. खात्री नव्हती.

भूगोलही यात सामील आहे. धारवाड हे मलनाडाचं शेवटचं टोक. लाल माती, बारीक पाऊस, पाणी मुरून जातं. वीस किलोमीटरवर हुबळी, तिथून पुढे नवलगुंद-गदगकडे काळी जमीन. कपाशीला ती सोन्यासारखी, पण पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरच्या डांबराला श्वास घेतल्यासारखी वरखाली करते. त्या रस्त्यावर खड्डे नसले तरी लाटा असतात. खड्डा बुशला एकदाच मारतो, लाट रोज थोडं पिळते. दोन शहरांच्या दरम्यान चिगरी बस धावते. चिगरी म्हणजे हरिणी. तिला स्वतंत्र मार्ग आखून दिलेला आहे. शेजारच्या मार्गिकेतून मी तिला पुढे जाऊ देतो.

दोन वर्षांपूर्वी इंजिनची वायरिंग बदलली. नव्वदीच्या मध्यावरच्या या गाड्यांच्या तारांवरचं आवरण उष्णतेने बिस्किटासारखं ठिसूळ होऊन गळतं, हा त्यांचा जगभर गाजलेला दोष. जुनी वेटोळी काढली तेव्हा आतलं तांबं लखलखीत होतं. पुन्हा तेच: वाहून नेणारं टिकलं, झाकणारं गेलं. आणखी एक परीक्षा पेट्रोलपंपावर वाट पाहत होती. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही; त्याही बदलाव्या लागल्या. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो की मी त्या मोळ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

तर मग मामाची गाडी उरली किती? हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे. यवन राजा मिलिंद रथात बसून नागसेन भिक्षूकडे गेला, तर नागसेनाने त्यालाच पेचात धरलं: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की रथ हे नुसतं सोयीचं नाव. पाली ग्रंथातला तो युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्यातले सगळे भाग टणक आहेत. दोन भागांच्या मधे जे असतं त्याबद्दल नागसेनाने विचारलं नाही, आणि मिलिंदाच्या रथात ते बहुधा नव्हतंही. पाठ कशी ठणकते याची राजाला चांगलीच कल्पना असावी.

हुबळीला सिद्धारूढ मठाचा रथ महाशिवरात्रीच्या जत्रेत ओढतात. त्याला ना बुश, ना स्प्रिंग. लाकूड लाकडावर घासतं, आस करकरते, आणि तो कर्कश आवाज हाच उत्सवाचा आवाज असतो. कुणी म्हणत नाही की रथ दुरुस्तीला काढा. बसवण्णांच्या या मुलखात स्थावर आणि जंगम हे शब्द फार वजनाचे. देऊळ स्थावर, चालता माणूस जंगम, मान दुसऱ्याला. मेस्त्रींच्या ‘नडीतद्री’तलं चालणं मला कधीकधी त्याच कुळातलं वाटतं. अर्थात त्यांना हे सांगितलं तर ते पान्याने गुडघा खाजवून पुढचा नट सोडवायला घेतील.

लोकांना वाटतं पैसा आहे, म्हणून ही गाडी आहे. पेढ्यांच्या दुकानाबाहेर ती उभी केली की पार्किंगवाला पोरगा वाकतो. त्याला कसं सांगावं की गाडीची किंमत उतरत जाते, सुट्या भागांची उतरत नाही. सेकंडहँड दुचाकीच्या पैशांत विकली जाईल अशी गाडी तिच्या तरुणपणीच्या भावानेच खायला मागते. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून पाच हजार झाली, तेव्हा बायकोने वहीत एक नवं पान उघडलं आणि वर ‘मामा’ असं लिहिलं. त्या पानावरची बेरीज तिने अजून केलेली नाही. मीही आग्रह धरलेला नाही.

परवा मेस्त्रींनी मागचे सगळे बुश, दोन्ही माउंटिंग आणि शाफ्टची ती चकती बदलली. गाडी घेऊन निघालो, आई मागे. विद्यानगर गेलं, उणकलचं तळं आलं. गतिरोधक येऊन गेला हे मला फक्त डोळ्यांनी कळलं. इतकी शांतता मी या गाडीत मामा चालवत असतानाच ऐकली होती. नवलूरपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही.

मग आई म्हणाली, ‘‘पुढं काहीतरी वाजायलंय रे. बारीक.’’

मी काच वर केली. होतं. काचफलकाच्या आत, डाव्या कोपऱ्यात, थांबून थांबून. गाडी कडेला घेऊन मेस्त्रींना फोन लावला आणि आवाज कसा येतोय तो तोंडाने करून दाखवला.

‘‘तो जुनाच आहे हो,’’ ते म्हणाले. ‘‘आता ऐकू यायला लागला.’’